मैदानावर बोंब, धंदा मात्र एक नंबर? मॅन्चेस्टर युनायटेडच्या मालकांची वकिली करणाऱ्यांना उत्तर

मॅन्चेस्टर युनायटेड हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब हरला (म्हणजे अलीकडे बऱ्याचदा) की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द बदलतात, आशय तोच. क्लबचं मालक असलेल्या ग्लेझर कुटुंबाला शिव्या घालणारे चाहते कृतघ्न आहेत; या कुटुंबाने एका क्लबचा जागतिक ब्रँड केला; खेळाडूंवर पाण्यासारखा पैसा ओतला; मैदानावर जे बिघडलं ते प्रशिक्षकांनी आणि खेळाडूंनी बिघडवलं, धंदा मात्र उत्तम चाललाय; आणि पुण्या-मुंबईत सोफ्यावर बसून मॅच बघणाऱ्यांनी अब्जाधीशांना व्यवहार शिकवू नये. शेवटी एक टोमणा: एवढंच वाटतंय तर शेअर विकत घ्या.

हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत युनायटेडचे चाहतेही असतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

ब्रँडपासून सुरुवात करू. डेलॉइट ही संस्था फुटबॉल क्लबांच्या उत्पन्नाची वार्षिक क्रमवारी काढते. 1996-97च्या हंगामापासून 2003-04पर्यंत, सलग आठ हंगाम, या यादीत पहिला कोण होता? मॅन्चेस्टर युनायटेड. ग्लेझरांनी क्लब ताब्यात घेतला मे 2005मध्ये. नायकेबरोबरचा 13 वर्षांचा 30 कोटी पौंडांचा करार, क्लबचं स्वतःचं टीव्ही चॅनल, 1999चं तिहेरी विजेतेपद (एकाच हंगामात तीन मोठ्या स्पर्धा) हे सगळं त्यांच्या आधीचं आहे. 1998मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या बीस्कायबी या टीव्ही कंपनीने 62 कोटी पौंडांहून जास्त किंमत लावून हा क्लब मागितला होता. चाहत्यांनी रान उठवलं आणि 1999मध्ये ब्रिटिश सरकारने तो व्यवहार रोखला. म्हणजे हिऱ्याची किंमत बाजाराला आधीच कळलेली होती.

नंतर उत्पन्न चौपट झालं, हे खरं. पण त्याच काळात इंग्लंडमधल्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेच्या, म्हणजे प्रीमियर लीगच्या, ब्रिटनमधल्या प्रक्षेपण हक्कांची किंमत तीन हंगामांना सुमारे 100 कोटी पौंडांवरून (2004-07) 500 कोटींच्या पुढे गेली (2016-19). लीगमधल्या झाडून सगळ्या क्लबांचं उत्पन्न फुगलं. त्याचं श्रेय एका कुटुंबाला द्यायचं तर मग पावसाचंही द्यावं.

आता क्लब घेतला कसा, तेही बघू, कारण फिरणाऱ्या मजकुरात हे कधीच नसतं. किंमत सुमारे 79 कोटी पौंड. त्यातले 50 कोटींहून जास्त कर्जाऊ, आणि त्या कर्जाचा मोठा भाग थेट क्लबच्या मालमत्तेवर चढवलेला. घर मी विकत घ्यायचं, कर्ज घरावर टाकायचं आणि हप्ते भाडेकरूने भरायचे, असा हा प्रकार. ज्या क्लबवर त्याआधी कर्ज नव्हतं, त्याने तेव्हापासून नुसत्या व्याजात 70 कोटी पौंडांहून जास्त रक्कम घालवली. 2012मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात समभाग विकले तेव्हा आलेल्या पैशातला निम्मा कर्जफेडीला गेला आणि निम्मा ग्लेझरांच्या खिशात. 2015-16पासून काही वर्षं नियमित लाभांशही निघाला.

‘खेळाडूंवर ओतलेला पैसा’ हा यातला सगळ्यात लोकप्रिय मुद्दा. पैसा ओतला, वादच नाही. पण तो क्लबनेच कमावलेला किंवा क्लबच्याच नावावर उसना काढलेला होता. चाहत्यांची तक्रार ‘खर्च करत नाहीत’ अशी नसून ‘खर्च कोण ठरवतं’ अशी आहे. एड वुडवर्ड हे जे. पी. मॉर्गनचे बँकर. क्लब-खरेदीत ग्लेझरांना सल्ला देणारे. 2013मध्ये प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले, मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल गेले आणि वुडवर्ड सर्वेसर्वा झाले. खेळाडूंची निवड पाहणारा फुटबॉल संचालक क्लबने पहिल्यांदा नेमला तो मार्च 2021मध्ये. मधली आठ वर्षं प्रत्येक नवा प्रशिक्षक आपली यादी घेऊन आला आणि आधीच्याची यादी भंगारात गेली. 2014मध्ये आंजेल डी मारिया ब्रिटनमधल्या विक्रमी किमतीला, जवळपास 6 कोटी पौंडांना आला आणि वर्षभरात दीड कोटीचा तोटा सोसून पॅरिसला विकला गेला. संचालक नेमल्यावरही सवय गेली नाही: 2022मध्ये 8 कोटींच्या पुढे मोजून आणलेला अँटनी 2025मध्ये त्याच्या साधारण चौथ्या हिश्शात गेला. याला महत्त्वाकांक्षा म्हणायचं की उधळपट्टी, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता मुख्य दाव्याकडे येतो: ‘फुटबॉल गंडलं, पण धंदा एक नंबर’. हा दावा चाहत्यांपैकीही बरेच जण मुकाट्याने मान्य करतात आणि मग नुसत्या भावनांवर भांडत बसतात. भावना बाजूला ठेवा, ताळेबंद उघडा.

क्लबचं व्यावसायिक उत्पन्न, म्हणजे प्रायोजक, जर्सी, दुकान वगैरे, 2015-16मध्ये होतं सुमारे 26.8 कोटी पौंड. पुढच्या वर्षी 27.5. मग 27.6. मग 27.5. 2019-20मध्ये 27.9. चार वर्षं गाडी एकाच जागी. कोविडच्या नावावर हे खपत नाही, कारण यातली बहुतेक वर्षं कोविडच्या आधीची आहेत. 2021-22मध्ये आकडा 25.8 कोटींवर आला आणि शेजारचा प्रतिस्पर्धी क्लब मॅन्चेस्टर सिटी 30 कोटींच्या पुढे गेला. सिटीच्या प्रायोजकांचा मालकांशी संबंध आहे, लीगने त्यांच्यावर आर्थिक नियमभंगाचे आरोप ठेवलेत, म्हणून ती तुलना सोडून द्या. लिव्हरपूल हा दुसरा प्रतिस्पर्धी क्लब घ्या. 2012-13मध्ये लिव्हरपूलचं व्यावसायिक उत्पन्न जेमतेम 10 कोटी पौंड, युनायटेडचं 15. 2023-24मध्ये लिव्हरपूल 30.8, युनायटेड 30.3. एकाने तिप्पट केलं, दुसऱ्याने दुप्पट, आणि दुप्पट करणाऱ्याला आपण धंद्यातला बादशहा म्हणतोय.

लिव्हरपूलने मधल्या काळात वेगळं काय केलं? चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा जिंकली, प्रीमियर लीग जिंकली. वुडवर्ड यांनी 2018मध्ये गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की मैदानावरच्या कामगिरीचा आमच्या व्यावसायिक बाजूवर म्हणावा असा परिणाम होत नाही. गंमत अशी की त्यांनीच केलेल्या करारात याच्या नेमकं उलट लिहिलेलं होतं. आदिदासबरोबरचा 2014चा करार 10 वर्षांचा, 75 कोटी पौंडांचा. मोठाच करार तो, आणि संघ सातवा आल्यानंतर मिळवलेला, तेवढी दाद वुडवर्डना द्यायलाच हवी. पण त्यात कलम होतं: सलग दोन हंगाम चॅम्पियन्स लीगमध्ये नसाल तर रक्कम 30 टक्क्यांनी कमी. 2023मध्ये कराराचं नूतनीकरण झालं तेव्हा चॅम्पियन्स लीगविना जाणाऱ्या दर हंगामाला 1 कोटी पौंडांची कपात आली. मैदानाचा आणि गल्ल्याचा संबंध आदिदासच्या वकिलांना कळतो, क्लब चालवणाऱ्यांना कळत नव्हता.

जर्सीच्या छातीवरच्या नावाचंही तेच. शेव्हरोलेचा करार फर्ग्युसन असतानाच, 2012मध्ये झाला: सात वर्षांचे जवळपास 56 कोटी डॉलर. तो संपल्यावर 2021मध्ये टीमव्ह्यूअर ही सॉफ्टवेअर कंपनी आली ती वर्षाला 4.7 कोटी पौंडांवर, शेव्हरोलेपेक्षा स्पष्ट कमी. काही काळाने त्या कंपनीलाही हा भार झेपेना, मग मोबाइल चिपचा ब्रँड स्नॅपड्रॅगन आला. मधल्या वर्षांत क्लबने नूडल्सचा अधिकृत भागीदार नेमला, गाद्या-उशांचा नेमला, रंगांचा नेमला. जगभर तुकडे पाडून नाव विकायची ही युक्ती सुरुवातीला नवी होती, कबूल. पण तिची मर्यादा आली ती आलीच.

यावर एक तयार उत्तर येतं: 2024-25मध्ये संघ पंधरावा आला, तरी व्यावसायिक उत्पन्न 33.3 कोटींचा विक्रम झाला की! झाला. स्नॅपड्रॅगनचा करार 2023मध्ये ठरलेला होता, त्याचा पैसा त्या वर्षी दिसला. मैदानावरचं अपयश हिशोबात उशिरा उतरतं, एवढाच त्याचा अर्थ. प्रक्षेपणाचं उत्पन्न मात्र त्याच वर्षी 22.2 कोटींवरून 17.3 कोटींवर आलं. बिल्बाओत युरोपा लीग या युरोपातल्या दुय्यम स्पर्धेचा अंतिम सामना हरल्यामुळे पुढच्या हंगामात युरोपातली कुठलीच स्पर्धा नाही, म्हणून क्लबने स्वतःच 2025-26साठी आधीच्या वर्षापेक्षा कमी उत्पन्नाचा अंदाज दिला.

आणि त्या हरलेल्या सामन्यानंतर आठवडाभरात हा संघ कुठे होता? क्वालालंपूरमध्ये. हंगाम संपल्यासंपल्या पैशासाठी काढलेला आशिया दौरा. तिथे आसियान (आग्नेय आशियाई) देशांच्या निवडक खेळाडूंनी त्यांना 1-0 हरवलं आणि पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांनी हुर्यो केली. ज्या आशियाई बाजाराच्या नावाने सगळा धंदा उभा आहे, त्या बाजाराने हे दिलेलं प्रशस्तिपत्र.

स्टेडियमचा विषय फार ताणत नाही. ओल्ड ट्रॅफर्ड या क्लबच्या मैदानाचा शेवटचा मोठा विस्तार 2006चा, तोही आधीच ठरलेला. मे 2024मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर पाऊस कोसळला तेव्हा छपराच्या कडेवरून स्टँडमध्ये अक्षरशः धबधबा पडत होता. ती दृश्यं सगळ्यांनी पाहिली आहेत. 2028च्या युरो स्पर्धेच्या मैदानांत शेजारच्या सिटीचं एतिहाद आहे, ओल्ड ट्रॅफर्ड नाही. मार्च 2025मध्ये एक लाख प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमचं चित्र दाखवलं, खर्च 200 कोटी पौंड. पैसा कुठून, ते चित्रात नव्हतं.

‘आता उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ आलेत, शिस्त लागतेय, तरी तुमची कुरकुर चालूच’ ही या मजकुराची नवी आवृत्ती. फेब्रुवारी 2024मध्ये त्यांनी चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त वाटा घेतला, क्लबमध्ये 30 कोटी डॉलर घालायचं कबूल केलं आणि फुटबॉलची सूत्रं हातात घेतली. शिस्त कशी लागली बघा. शेकडो कर्मचारी कमी केले. ओल्ड ट्रॅफर्डमधलं कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद करून त्या जागी फळं ठेवली. हंगाम चालू असताना उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट 66 पौंड केला, पोराटोरांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही. आणि त्याच वर्षी, प्रशिक्षक एरिक टेन हाग यांचा करार जुलैत वाढवून ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं, क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ यांना पाच महिन्यांत निरोप दिला. या दोन निर्णयांचा खर्च क्लबच्याच हिशोबात 1.45 कोटी पौंड दाखवलाय. तेवढ्यात किती डबे आले असते, हा हिशोब कॅन्टीनमधल्या कुणी केला असेल तर त्याला कृतघ्न म्हणणार का?

राहता राहिले आपण, सोफ्यावरचे. 2012मध्ये शेअर विकताना क्लबने गुंतवणूकदारांना अभिमानाने सांगितलं होतं की जगभरात आमचे 65.9 कोटी अनुयायी आहेत. 2019मध्ये आकडा 110 कोटी झाला. ही माणसं ओल्ड ट्रॅफर्डशेजारच्या साल्फर्डमध्ये राहत नाहीत. ती लागोसमध्ये, जकार्तात, कोल्हापुरात आणि डोंबिवलीत राहतात. 2013मध्ये अपोलो टायर्स क्लबचा भागीदार झाला तो ओल्ड ट्रॅफर्डच्या पार्किंगमधल्या गाड्यांसाठी नव्हे. त्याला आपण हवे होतो. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात एकेकाळी मॅन्चेस्टर युनायटेडच्या नावाचा कॅफे बार होता, तोही आपल्याच खिशाकडे बघून. प्रायोजकासमोर डोकी मोजताना आमचं डोकं धरायचं आणि त्या डोक्याने प्रश्न विचारला की ‘तुम्ही कोण?’ म्हणायचं, हे चालणार नाही. क्रिकेटवाल्यांनाही हे गृहस्थ परके नाहीत: मालक कुटुंबातले अवराम ग्लेझर यांनी 2021मध्ये आयपीएलच्या नव्या संघासाठी बोली लावली होती. ती फसली, मग यूएईच्या लीगमधला डेझर्ट व्हायपर्स घेतला.

‘स्टेडियम तर कायम भरलेलं असतं, मग नाराजी कसली?’ असंही वर विचारतात. 2005मध्ये काही चाहत्यांनी उठून वेगळा क्लबच काढला, एफसी युनायटेड ऑफ मॅन्चेस्टर. 2010मध्ये भरल्या स्टेडियममध्ये हिरवे-सोनेरी मफलर झळकले, ते क्लबच्या न्यूटन हीथ या जुन्या अवताराचे रंग होते. 2 मे 2021ला, निवडक श्रीमंत क्लबांच्या वेगळ्या ‘सुपर लीग’चा डाव फसल्यावर, निदर्शक मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. नाराजी दाखवायची आणखी कुठली पद्धत उरली?

शेअर घ्यायचा सल्ला तेवढा बघायचा राहिला. बाजारात मिळतो तो ‘अ’ वर्गाचा शेअर, त्याला एक मत. मालकांकडे आहेत ते ‘ब’ वर्गाचे, त्यांना प्रत्येकी दहा मतं. कंपनी नोंदवलेली केमन बेटांवर. घ्यायचे तर जरूर घ्या.