रामकुंडातले विषाणू आणि पाण्याची शुद्धता : फिरत्या मेसेजला उत्तर

सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गोदावरीत बॅक्टेरियोफाज नावाचे जिवाणू खाणारे विषाणू आहेत. त्यांच्या एन्झाइमने कुठल्याही जिवाणूची भिंत विरघळते, म्हणून रामकुंडाचं पाणी आपोआप शुद्ध होतं. एका इंग्रज शास्त्रज्ञाने हे १८९६ मध्येच सिद्ध केलं. जखमेवर हे पाणी लावलं तर अँटिबायोटिकची गरज नाही, पण औषध कंपन्यांनी ही गोष्ट दडवून ठेवली. २०२५ च्या प्रयागराज कुंभात गंगेबद्दलही असंच सांगितलं जात होतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. फाज खरे आहेत आणि एन्झाइमही खरं आहे. म्हणूनच हा मेसेज शिकलेल्या माणसांनाही पटतो, आणि म्हणूनच मला त्याची काळजी वाटते.

‘विषाणू जिवाणूंना खातात.’ खात नाहीत. फाज जिवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो आणि त्या पेशीकडूनच स्वतःच्या प्रती करवून घेतो. प्रती तयार झाल्या की बाहेर पडायला वाट लागते, आणि वाटेत भिंत आडवी येते. ही भिंत पेप्टिडोग्लायकनची : दोन प्रकारच्या शर्करा आलटून पालटून गुंफलेल्या साखळ्या, आणि त्यांना आडवं बांधणाऱ्या अमिनो आम्लांच्या छोट्या कड्या. पेशीच्या आत दाब असतो. टायर फाटला की ट्यूब फुगून बाहेर येते आणि फुटते, तसंच भिंत उसवली की पेशीचं होतं.

भिंत उसवणाऱ्या या एन्झाइमला एंडोलायसिन म्हणतात. आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूवर वाढणाऱ्या टी४ नावाच्या फाजचं एंडोलायसिन जेमतेम १६४ अमिनो आम्लांचं आहे. त्याचे दोन भाग आणि मधे एक खाच. शर्करेची साखळी त्या खाचेत बसते, आणि ११ व्या जागेवरचं ग्लुटामिक आम्ल व २० व्या जागेवरचं अॅस्पार्टिक आम्ल यांच्या मदतीने दोन शर्करांमधला बंध तुटतो. पण हे एन्झाइम पेशीच्या आत तयार होतं आणि भिंतीच्या आतल्या पातळ पटलामागे अडकून पडतं. वेळ भरली की होलिन नावाचं दुसरंच प्रथिन त्या पटलाला भोकं पाडतं, तेव्हा कुठे ते भिंतीपर्यंत पोचतं. बाहेरचं पटल फोडायला स्पॅनिन नावाची आणखी प्रथिनं लागतात. सगळं काम आतून बाहेर चालतं, आणि तेही ज्या जिवाणूवर तो फाज वाढतो त्याच्यापुरतं.

‘कुठल्याही जिवाणूची भिंत विरघळते.’ मेसेजची सगळ्यात मोठी चूक ही. कॉलरा, टायफॉइड आणि जुलाबाचे ई. कोलाय हे तिन्ही ग्राम-निगेटिव्ह आहेत. त्यांची पेप्टिडोग्लायकनची भिंत पातळ असते खरी, पण तिच्यावर आणखी एक पटल असतं, आणि पाण्यात सुटं पडलेलं एन्झाइम सहसा त्यातून आत जात नाही. आमच्या प्रॅक्टिकलला मुलं हे डोळ्यांनी बघतात. अंड्याच्या पांढऱ्या भागातलं लायसोझाइम टी४ च्या एन्झाइमसारखाच बंध तोडतं. ते बाहेरचं पटल नसलेल्या मायक्रोकोकस जिवाणूंच्या गढूळ नळीत टाकलं की काही मिनिटांत नळी नितळ होते. ई. कोलायची नळी मात्र गढूळच राहते. बाहेरचं पटल सैल करायला ईडीटीए नावाचं रसायन घालावं लागतं, मग तीही निवळते. नदीत ईडीटीए कोण घालणार?

ग्राम-पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेरचं पटल नसलेल्या जिवाणूंवरच्या फाजांची एंडोलायसिनं बहुधा दोन तुकड्यांची असतात : एक तुकडा बंध तोडतो, दुसरा ठरावीक भिंत ओळखून तिला धरून ठेवतो. स्ट्रेप्टोकोकसवरच्या प्लायसी या एन्झाइममध्ये तर धरून ठेवणारे आठ घटक आहेत. इतकं निवडक एन्झाइम सरसकट सगळे जंतू कसे मारेल? शिवाय काविळीचे विषाणू आणि अमिबा यांना ही भिंतच नसते. त्यांच्यावर एंडोलायसिन चालणार तरी कशावर?

‘फाज आहेत म्हणजे पाणी शुद्ध.’ उलट आहे. फाज फक्त जिवंत जिवाणूत वाढतो. ई. कोलायचे फाज पाण्यात भरपूर सापडले, तर तिथे मैलापाणी मिसळलं असल्याचा संशय घ्यायचा असतो. पाणी तपासणारे याच कारणासाठी ते मोजतात. शहरातून वाहणाऱ्या वाघाडी आणि नासर्डीचं पाणी कुठे मिसळतं, हे नाशिककरांना सांगायला नको.

‘इंग्रजाने सिद्ध केलं.’ अर्नेस्ट हँकिनने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरताना पाहिले, आणि उकळलेल्या पाण्यात हा गुण राहत नाही हेही नोंदवलं. गोदावरीबद्दल तो काहीच म्हणाला नाही. फाजचा शोधही नंतरचा : ट्वॉर्ट १९१५, देरेल १९१७. आणि याच हँकिनने कॉलरा रोखण्यासाठी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला होता. ते मात्र मेसेजमध्ये नाही.

‘कंपन्यांनी दडवलं.’ एंडोलायसिनचं औषध करायची खटपट उघडपणे चालू आहे. २००१ मध्ये उंदरांच्या घशातले स्ट्रेप्टोकोकस अशा एन्झाइमने मारल्याचं प्रसिद्ध झालं. स्टॅफिलोकोकस जिवाणूविरुद्धचं एक्सेबाकेज हे असंच एन्झाइम माणसांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलं, पण अपेक्षित फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून २०२२ मध्ये ती चाचणी थांबवली गेली. जिवाणूंना या एन्झाइमांविरुद्ध प्रतिकार सहजासहजी जमत नाही, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. मलाही या संशोधनाबद्दल मोठी आशा वाटते. पण ते एन्झाइम शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात, आणि सोबत अँटिबायोटिकही चालू ठेवतात.

नदीच्या पाण्यात यातलं काहीच नसतं. स्नान जरूर करा. पाणी घोटभर प्यायचं असेल, तर घरून उकळून आणलेलं प्या. पायाला जखम असेल, आणि त्यात मधुमेह असेल, तर पाण्यात उतरूच नका. जखम लाल झाली किंवा वाहू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.