सत्तरच्या दशकातली रॉकची कव्हरं ‘नशेत’ झालेली नाहीत

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. वर पिंक फ्लॉइडचा प्रिझम, शेजारी रोलिंग स्टोन्सची जीभ, खाली सॅन फ्रान्सिस्कोचं एक जुनं भडक पोस्टर. मजकूर असा : ‘सत्तरच्या दशकातल्या रॉक बँडची कव्हरं म्हणजे गांजाच्या धुरात काढलेली चित्रं. गाण्यांशी संबंध शून्य. बँडचं नाव छापायचंही भान नाही. कंपन्यांकडे पैसा उतू जात होता म्हणून सगळं खपलं. अँडी वॉरहॉलने एक जीभ काढली आणि करोडो कमावले. आज हेच काम एआय दहा सेकंदांत फुकट करतं.’

मी छपाईच्या धंद्यातला माणूस. कॉम्प्युटर यायच्या आधीची शेवटची तीन-चार वर्षं मी पुण्यात एका लहानशा स्टुडिओत ब्रोमाइड (छपाईसाठीचे फोटो-कागद) कापायचं आणि पेस्ट-अप, म्हणजे ते पानावर मापात चिकटवायचं काम केलं. तिथल्या कपाटात या कव्हरांची दोन फाटकी पुस्तकं होती. काम नसलं की आम्ही ती उघडून बसायचो आणि ‘हे यांनी केलं कसं असेल’ यावर तासन् तास डोकं लावायचो. म्हणून हा फॉरवर्ड मला लागला. सहा वाक्यांत एक अर्धं खरं आहे, बाकी सगळी चुकीची. एकेक घेतो.

पहिलं, गांजाचा धूर. त्या काळात संगीतकारांमध्ये आणि ऐकणाऱ्यांमध्ये नशा होती, हे कुणीच नाकारत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोस्टरांवरची वितळणारी अक्षरं एलएसडी या भास घडवणाऱ्या नशेच्या दुनियेतूनच आली. (ती पोस्टरं मुख्यतः 1966 ते 68 ची, सत्तरच्या दशकातली नव्हेत. पण फॉरवर्डमध्ये लावलंच आहे तर त्यावरही बोलू.) विषय नशेचा आहे म्हणून हातही नशेत होता, असं मात्र होत नाही. व्हिक्टर मोस्कोसो हा त्यांतला एक मोठा पोस्टरकार. तो येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्सच्या हाताखाली रंगशास्त्र शिकला होता. एकमेकांच्या विरुद्ध असलेले दोन रंग सारख्याच उजेडाचे घेऊन शेजारी ठेवले, की त्यांची कड डोळ्यांसमोर थरथरते. जरा हलका किंवा जरा गडद रंग पडला की थरथर संपली. ज्याने मशीनवर शाई जुळवली आहे त्याला विचारा, हे धुंदीत जमतं का. वेस विल्सन या दुसऱ्या पोस्टरकाराची फुगीर अक्षरं व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलर या चित्रकाराच्या अक्षरांवरून आली. ग्रेटफुल डेड या बँडची गुलाब घातलेली कवटी स्टॅनली माउस आणि आल्टन केली यांना सार्वजनिक वाचनालयात सापडली. उमर खय्यामच्या रुबायांसाठी एडमंड सुलिवनने काढलेलं ते जुनं चित्र होतं. 1966 मध्ये त्यांनी ते पोस्टरवर घेतलं आणि 1971 च्या अल्बममुळे ते जगभर गेलं.

रॉजर डीनचंही तेच. ‘यस’ बँडसाठी त्याने हवेत तरंगणारे खडक आणि बेटं रंगवली, म्हणून लोक त्याला स्वप्नाळू समजतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये तो फर्निचर डिझाइन शिकला. रॉनी स्कॉट्स या जॅझ क्लबच्या वरच्या मजल्यावरची बैठकव्यवस्था त्याने केली होती. ‘यस’चं 1972 चं वळणदार बोधचिन्ह बघा. तीन अक्षरं एकमेकांत अशी अडकवली आहेत की एकही ओढून काढता येत नाही. सुताराने सांधा बसवावा तशी.

दुसरं, ‘गाण्यांशी संबंध शून्य’. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण फॉरवर्ड करणाऱ्याने प्रिझमचंच चित्र लावून हे लिहिलं आहे.

हिपग्नोसिस हा कव्हरं करणारा लंडनचा स्टुडिओ 1968 मध्ये स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल या दोन मित्रांनी सुरू केला. प्रिझमचं कव्हर असलेला पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च 1973 मध्ये आला. त्याआधी बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट त्यांना म्हणाला होता की या वेळी फोटो नको, काहीतरी साधं, नेटकं हवं. थॉर्गरसनला भौतिकशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकात प्रिझममधून जाणाऱ्या प्रकाशाचं चित्र दिसलं. पिंक फ्लॉइडच्या कार्यक्रमांत प्रकाशाचा खेळ हा गाण्याइतकाच महत्त्वाचा, तो धागा इथे जुळला. जॉर्ज हार्डीने आकृती काढली. बँडसमोर बरेच पर्याय ठेवले होते, त्यातून हा सगळ्यांनी एकमताने आणि झटक्यात निवडला. ‘हे कव्हर दहा मिनिटांत झालं’ ही दंतकथा बहुधा इथूनच निघाली असावी. निवडायला वेळ लागला नाही, एवढंच त्यात खरं.

आता जोडकव्हर, म्हणजे पुस्तकासारखं उघडणारं कव्हर, उघडा. पुढचे रंगीत पट्टे आतल्या पानांवर तसेच पुढे जातात आणि त्यात हृदयाच्या ठोक्याची रेघ उमटते. रेकॉर्ड ठोक्याने सुरू होते आणि ठोक्यानेच संपते. मागच्या बाजूला उलटा प्रिझम आहे, तिथे पट्टे पुन्हा एक होऊन पांढरी रेघ बाहेर पडते. म्हणजे दुकानदाराने काचेत कव्हरं उघडून एकाला एक लावून मांडली की प्रकाश अखंड वाहत राहतो. गाण्यांचाही तसाच प्रकार, एक गाणं दुसऱ्यात मिसळतं. आणि ते पट्टे मोजा. शाळेत आपण ‘तानापिहिनिपाजा’ घोकलं ते सात रंग. इथे सहाच आहेत, पारवा नाही. चार रंगांच्या छपाईत निळा आणि जांभळा यांच्या मधोमध पारवा बसवायचा म्हटलं की तो दोहोंपैकी एकात बुडतो, हे मी स्वतः कितीदा तरी भोगलं आहे. सहा पट्टे स्वच्छ, एकमेकांपासून वेगळे दिसतात. पाठ्यपुस्तकातलं चित्र उचलून जसंच्या तसं चिकटवलेलं नाही, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

दुसरं उदाहरण पिंक फ्लॉइडच्याच 1975 च्या ‘विश यू वेअर हिअर’चं. विषय आहे गैरहजेरी. बँडचा जुना सोबती सिड बॅरेट मानसिक आजारामुळे दूर गेलेला. या अल्बमचं काम चालू असताना 5 जून 1975 ला तो अचानक अॅबी रोड स्टुडिओत आला आणि सुरुवातीला त्यांनी त्याला ओळखलंसुद्धा नाही. मग कव्हरचं काय केलं? कव्हरच लपवलं. इंग्लंडमध्ये रेकॉर्ड काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकली, वर फक्त दोन यांत्रिक हातांच्या हस्तांदोलनाचं एक गोल स्टिकर. आत, हात मिळवणाऱ्या दोन माणसांतला एक पेटलेला. आतल्या पोस्टकार्डावर तलावात उलटा शिरलेला माणूस, पाणी उडालेलंच नाही. प्रत्येक चित्रात कुणीतरी असून नसल्यासारखं. हे ज्याला गाण्यांशी संबंध नसलेलं वाटतं, त्याने अल्बम ऐकलेला नाही.

संबंध नसलेली कव्हरंही होती, तीही सांगतो. पिंक फ्लॉइडच्याच ‘अॅटम हार्ट मदर’ (1970) वर फक्त एक गाय आहे. थॉर्गरसन लंडनबाहेर पॉटर्स बारकडे गेला आणि समोर आलेल्या गायीचा फोटो काढून परतला. पण तिथे संबंध मुद्दामच तोडला होता. अंतराळ आणि सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांसारख्या, चित्रांचा बँडला कंटाळा आला होता, त्यापासून लांबचं काहीतरी हवं होतं. खरा बेबनाव पाहायचा असेल तर गायक-गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं ‘अॅक्सिस : बोल्ड अॅज लव्ह’ (1967) बघा. आपल्या देवघरात शोभेल असं विष्णूचं विश्वरूप आणि मुखाच्या जागी बँडमधल्या तिघांचे चेहरे. हेंड्रिक्सच्या मनात अमेरिकेतले मूळ रहिवासी ‘इंडियन’ होते, त्यांच्याशी आपलं रक्ताचं नातं आहे असं तो मानायचा. इंग्लंडमधल्या रेकॉर्ड कंपनीने भारताचा देव उचलला. तो त्यावर खूश नव्हता. गायकाला न विचारता कव्हर केलं की असं होतं. हिपग्नोसिसची मंडळी उलट आधी गाणी ऐकायची, गीतं वाचायची, मग बँडबरोबर बसायची.

तिसरं, नाव छापायचं भान नाही. लेड झेपेलिनच्या 1971 च्या चौथ्या अल्बमवर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. अटलांटिक कंपनी हवालदिल झाली होती. बँडचा गिटारवादक जिमी पेज हटला नाही. आधीच्या अल्बमवर समीक्षकांनी झोड उठवली होती, म्हणून या वेळी नाव न बघता लोकांनी नुसतं संगीत ऐकावं, एवढाच त्याचा हट्ट. भान नसलेला माणूस कंपनीशी भांडत बसत नाही.

चौथं, पैसा उतू जात होता. हे ते अर्धं खरं वाक्य. पैसा होता, आणि तो छपाईवर खर्च झाला हे आम्हा छपाईवाल्यांचं भाग्य. लेड झेपेलिनच्याच ‘फिजिकल ग्राफिटी’ (1975) वर न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसवरची इमारत आहे. तिच्या खिडक्या डाय मारून आरपार कापल्या आहेत, आतलं पाकीट बदललं की खिडक्यांतली माणसं बदलतात. मूळ इमारत पाच मजली, चौकोनात बसेना म्हणून फोटोतून एक मजला काढून टाकला. कितीही वेळा पाहा, जोड सापडत नाही. त्यांच्याच 1979 च्या ‘इन थ्रू द आउट डोअर’ची सहा वेगवेगळी कव्हरं होती आणि सगळी खाकी कागदी पिशवीत. हाती कोणतं येईल ते घेणाऱ्याला कळायचं नाही. आतल्या कृष्णधवल पाकिटावर ओला हात फिरवला की रंग उमटायचे.

पण पैशाने अक्कल विकत मिळत नाही. रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’ (1971) वर जीन्सच्या फोटोला खरीखुरी चेन बसवली होती. रेकॉर्डी एकावर एक रचून पाठवल्या तेव्हा चेनचा हूक खालच्या रेकॉर्डमध्ये रुतून गाणं खराब व्हायला लागलं. उपाय काय, तर पाठवण्याआधी प्रत्येक चेन अर्धी खाली ओढायची. हूक मग बरोबर मधल्या लेबलवर येतो, तिथे गाणं नसतंच. आमच्या बाइंडिंगच्या टेबलावरच्या बायकांनी हाच उपाय सुचवला असता, याची मला खात्री आहे.

पाचवं, वॉरहॉलची जीभ. अँडी वॉरहॉल हा अमेरिकेतला नावाजलेला चित्रकार. चेनची कल्पना त्याची, जीभ त्याची नाही. ती जॉन पॅशची, आणि तेव्हा, 1970 मध्ये, तो रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत होता. रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर याने त्याला एका दुकानातल्या कॅलेंडरवरचं कालीमातेचं चित्र दाखवलं. भारतीय वळणाचं काहीतरी जॅगरला हवं होतं. पॅशने बाकी सगळं सोडून बाहेर आलेली जीभ तेवढी उचलली. ती पहिल्यांदा ‘स्टिकी फिंगर्स’बरोबर बाहेर पडली, म्हणून नावांचा हा गोंधळ. पॅशला त्या वेळी मिळाले 50 पौंड. मूळ आर्टवर्क लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने 2008 मध्ये 50 हजार पौंडांच्या आसपास देऊन घेतलं. दर महिन्याला तारखा बघताना ज्या चित्राकडे आपलं लक्षही जात नाही, त्यात एका विद्यार्थ्याला जगभर ओळखलं जाणारं बोधचिन्ह दिसलं. त्याचं नाव पुसून तिथे आधीच प्रसिद्ध असलेल्या माणसाचं नाव लिहायचं, हा अन्याय आहे.

राहिलं एआय. ‘तेव्हाचं सगळं खरं होतं, आताचं खोटं’ असा बचाव मी करणार नाही, कारण तोही खरा नाही. पिंक फ्लॉइडच्या ‘अॅनिमल्स’ (1977) च्या कव्हरवर लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्राच्या धुरांड्यांमध्ये जे डुक्कर उडतंय, ते चिकटवलेलं आहे. डिसेंबर 1976 मध्ये फुग्याचं प्रचंड डुक्कर तिथे खरंच नेलं होतं. पहिल्या दिवशी दोर तुटलाच तर फुगा पाडायला बंदूकधारी ठेवला होता, पण डुक्कर वर चढेना. दुसऱ्या दिवशी बंदूकधाऱ्याला बोलवायचं राहिलं, डुक्कर सुटलं, हीथ्रोच्या विमानांच्या वाटेत गेलं आणि केंटमधल्या एका शेतात उतरलं. शेवटी पहिल्या दिवशीचं ढगाळ आभाळ घेतलं आणि त्यावर डुक्कर लावलं. का? त्या दिवशीचे ढग चांगले होते. तो निर्णय डोळ्यांचा होता.

आणि हे ‘लावणं’ म्हणजे काय, ते ज्यांनी केलं नाही त्यांना सांगतो. दोन फोटोंचे प्रिंट नेमक्या मापात काढायचे. वरचा आकार सर्जिकल ब्लेडने एका दमात कापायचा, हात थांबला की कडेला दात पडतो. मग तुकडा उलटा करून त्याची कड मागून पॉलिश पेपरने घासायची, कागद इतका पातळ होईपर्यंत की चिकटवल्यावर सावली पडू नये. चिकटवायचं, एअरब्रशने सांधा बुजवायचा, आणि सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. हिपग्नोसिसमध्ये असं रिटचिंग रिचर्ड मॅनिंग करायचा. मी एकदा चार दिवस घालवून एका दिवाळी अंकासाठी असा एक सांधा केला होता, आणि भिंगाखाली तो मला दिसलाच.

‘विश यू वेअर हिअर’मधला पेटलेला माणूस मात्र खरा आहे. लॉस एंजलिसजवळ वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओच्या आवारात रॉनी राँडेल हा स्टंटमन कोटाखाली आगरोधक कपडे घालून उभा राहिला. वारा उलटा फिरला, ज्वाळा तोंडावर आल्या आणि त्याची मिशी जळाली. ती झळ नंतर फोटोत दिसत नाही, पण समोरचा माणूस हात घट्ट धरून शांत उभा आहे ते दिसतं. तो हात सोडू शकला असता.

दहा सेकंदांत आज पेटलेला माणूस मिळेल, उडणारं डुक्करही मिळेल. त्या यंत्राला प्रिझम काढ म्हणून सांगायला कुणीतरी आधी पाठ्यपुस्तक उघडून थबकलेलं लागतं. आणि आपल्या फॉरवर्डमध्ये एका चुकीच्या नावापलीकडे एकही नाव नाही. ‘डार्क साइड’ची प्रत हाती आली तर जोडकव्हर उघडून बारीक अक्षरं वाचा. डिझाइन हिपग्नोसिस, चित्र जॉर्ज हार्डी, असं तिथे छापलेलं आहे.