कॉम्प्युटर गाडी चालवतो म्हणे!

परवा रात्री भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला. 'इलेक्ट्रॉनिक्सने बाईक रेसिंगचा खून कसा केला.' हा मजकूर मला याआधी तिघांनी पाठवलाय आणि तिन्ही वेळा मी हसून सोडून दिला. या वेळी खाली त्याच्या गाडीच्या मीटरचा फोटो होता: ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू लागलं की आवरणारी यंत्रणा) बंद असल्याचा पिवळा दिवा, आणि त्याखाली त्याची ओळ, "मामा, आजपासून प्युअर रायडिंग." गाडी घेऊन त्याला जेमतेम चार महिने झालेत. म्हणून हा खटाटोप.

मजकुरातले मुद्दे असे. रायडर आता नुसता कान (थ्रॉटलची मूठ) पिळतो, बाकीचं कॉम्प्युटर बघतो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असल्यावर ब्रेक काय कोणीही मारेल. पाचशे सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळात शुद्ध कौशल्य होतं. इलेक्ट्रॉनिक्समुळे पैसेवाल्या टीमच जिंकतात, म्हणून सरसकट बंदी घाला. आणि शेवटी ठळक अक्षरांत: खरा रायडर सगळं बंद करून चालवतो.

एबीएसचं आधी उरकतो. मोटोजीपीत, म्हणजे बाईक रेसिंगच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेत, एबीएस नाही. नियमानेच मनाई आहे. ज्याला एवढंही माहीत नाही त्याने रेसिंगच्या मृत्युलेखाला हात घालावा, याचं मला कौतुक वाटतं.

आता कान पिळण्याबद्दल. ट्रॅक्शन कंट्रोल करतं काय? मागचं चाक पुढच्याच्या मानाने किती जास्त फिरतंय आणि गाडी किती झुकलीय हे बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी तोडतो किंवा थ्रॉटलची झडप थोडी मिटतो. म्हणजे ताकद काढून घेतो. ताकद काढून घेऊन कोणी पुढे जात नाही. त्यामुळे ज्याचं मनगट चांगलं, त्याला ही मदत कमीत कमी लागते आणि तोच वळणातून आधी बाहेर पडतो. २००८ साली केसी स्टोनर आणि मार्को मेलांद्री दोघेही डुकाटीच्या फॅक्टरी टीमच्या गाड्यांवर होते. स्टोनरने सहा शर्यती जिंकल्या आणि मोसमाअखेर तो गुणतक्त्यात दुसरा आला. मेलांद्री सतरावा. कॉम्प्युटर गाडी चालवत होता, तर त्याचं मेलांद्रीशी काय वाकडं होतं?

शिवाय पुढचं चाक घसरलं तर ट्रॅक्शन कंट्रोल काहीही करू शकत नाही. मार्क मार्केझ २०१७ साली जगज्जेता झाला तो त्या मोसमात सराव आणि शर्यती धरून सत्तावीस वेळा पडून. कॉम्प्युटर फारच निष्काळजी असला पाहिजे.

पाचशे सीसीचा 'शुद्ध' काळ हा मात्र खास मुद्दा आहे, कारण तो लिहिणाऱ्याने तो काळ पाहिलेला दिसत नाही. १९९२ साली होंडाने एनएसआर ५०० या आपल्या रेसिंग गाडीत 'बिग बँग' इंजिन आणलं. चारही सिलिंडर जवळजवळ एकदमच फुटायचे आणि मग मोठी विश्रांती, म्हणजे तेवढ्यात मागच्या टायरला पुन्हा पकड घ्यायला उसंत. हे ट्रॅक्शनचंच काम, फक्त वायरीऐवजी लोखंडात केलेलं. बघता बघता इतर कंपन्यांनीही तीच वाट धरली. मदत तेव्हाही सगळ्यांना हवीच होती.

आणि हवी का होती? वळणातून निघताना थ्रॉटल जरा जास्त उघडला की मागचं चाक बाहेर सरकतं. रायडर दचकून थ्रॉटल सोडतो, टायर एकदम पकड घेतो, आडवी गाडी झटक्यात उभी राहते आणि माणूस वरच्या बाजूने हवेत फेकला जातो. हायसाइड म्हणतात तो हाच. ट्रॅक्शन कंट्रोलने हायसाइड संपले नाहीत, पण त्या टू-स्ट्रोक गाड्यांवर ते रोजचं भय होतं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. १९९७ मध्ये होंडाचा मिक डूहन मुद्दाम जुन्या, अंगावर येणाऱ्या 'स्क्रीमर' इंजिनाकडे (सिलिंडर समान अंतराने फुटणाऱ्या) परतला आणि त्या मोसमात बारा शर्यती जिंकला. अवघड गाडी खरोखर माणसं वेगळी काढते. पण हाच डूहन १९९२ साली नेदरलँड्समधल्या आसेनच्या ट्रॅकवर पडला तेव्हा त्याचा पाय कापायची वेळ आली होती. नंतर मागचा ब्रेक तो हाताच्या अंगठ्याने मारायचा. फॉरवर्डमध्ये हे कुठे आहे?

पैशाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. प्रत्येक कंपनी आपापलं सॉफ्टवेअर लिहायची तेव्हा २०११ ते २०१५ अशी पाच वर्षं मोटोजीपीची प्रत्येक शर्यत होंडाने नाहीतर यामाहाने जिंकली. पण त्यावर बंदी घातली गेली नाही. २०१६ पासून सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर दिलं. त्या वर्षी नऊ वेगवेगळे विजेते झाले. (टायर त्याच वर्षी बदलले आणि पाऊसही बराच पडला, हेही सांगतो, नाहीतर मीही फॉरवर्डच लिहितोय असं व्हायचं.) सरसकट बंदी फॉर्म्युला वनने १९९४ मध्ये घालून पाहिली. कोण चोरून वापरतंय हे पकडताच येईना, तेव्हा २००१ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोलला परवानगी द्यावी लागली. पुन्हा बंदी घातली ती २००८ मध्ये, सगळ्यांना एकच ईसीयू दिल्यावर.

राहिली ती ठळक ओळ. तिचा रेसिंगशी काही संबंध नाही, आणि तीच सगळ्यात घातक आहे. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्या ताडून पाहिल्या. एबीएसवाल्या गाड्यांत जीवघेण्या अपघातांचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी निघालं. हा आकडा ट्रॅक्शनचा नाही, मान्य. पण फॉरवर्ड 'सगळं' बंद करा म्हणतो. मोटोजीपीवाल्याच्या अंगात एअरबॅगचा सूट असतो, टायर आधी ब्लँकेटमध्ये तापवलेले असतात, वळणाबाहेर खडीचा मोकळा पट्टा असतो आणि तेच वळण त्याने सकाळपासून पन्नासदा घेतलेलं असतं. रस्त्यावर ओला पांढरा पट्टा असतो. एकदा पावसात झेब्रा क्रॉसिंगवर माझं मागचं चाक वीतभर सरकलं होतं. मीटरवरचा दिवा दोनदा लुकलुकला आणि गाडी सरळ झाली. मला काही करायला सवडच मिळाली नव्हती.

भाच्याला फोन केला. म्हणाला, "पण मामा, बंद केल्यावर गाडी किती मोकळी पळते!" कुठे चालवलीस, विचारलं. सरळ, कोरड्या रस्त्यावर, म्हणाला. तिथे मागचं चाक घसरतच नाही, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल चालू असलं तरी गप्पच बसलेलं असतं. जो फरक त्याला जाणवला तो पिवळ्या दिव्याचा.