प्रारूप सुधारताना आधी जुने अंदाज तपासावेत

मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रवास-मागणी प्रारूपात (लोक किती, कुठे आणि कशाने प्रवास करतील याचा अंदाज बांधणाऱ्या गणिती मांडणीत) सुधारणा करण्याविषयीच्या ज्या लेखावर मी हे लिहीत आहे, तो मोबाइल आणि फास्टॅगच्या विदेवर (डेटावर) बराच भर देतो. माझ्या मते मूळ अडचण त्याच्या आधीची आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) 2008 साली पूर्ण केलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात 2031 पर्यंतचे अंदाज मांडले होते. अंदाजांची ती मुदत आता जवळ आली असताना, घाटकोपर–वर्सोवा मेट्रो (2014) आणि अटल सेतू (2024) यांवरील प्रत्यक्ष वर्दळ जुन्या अंदाजांशी ताडून, चूक लोकसंख्येच्या गृहीतकात झाली, रोजगाराच्या स्थानांत झाली की भाड्याच्या परिणामात, हे जाहीरपणे सांगणे हीच सुधारणेची पहिली पायरी असायला हवी.

दुसरा मुद्दा पायी चालणाऱ्यांचा. या प्रदेशातील निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायी होतात, परंतु चार टप्प्यांच्या पारंपरिक प्रारूपात (फेऱ्या किती, कुठून कुठे, कोणत्या साधनाने आणि कोणत्या मार्गाने) त्या बहुधा प्रवासाच्या साधनांत फेऱ्या वाटण्यापूर्वीच बाजूला काढल्या जातात. परिणामी स्थानकापर्यंतची पायपीट आणि शेअर रिक्षाची रांग हिशेबात नीट येत नाही. डोंबिवलीचा प्रवासी मात्र गाडी निवडताना नेमका तोच हिशेब करतो. (मुलाला शाळेत सोडून, पुढे कामावर आणि परतताना भाजी, अशी बाईची साखळीफेरीही घर–काम–घर या चौकटीत बसत नाही.)

शिवाय 2011 नंतरच्या जनगणनेची आकडेवारी हाती नसताना सर्वेक्षणातील कुटुंबांना कोणते भारांक द्यायचे (म्हणजे प्रत्येक कुटुंब एकूण लोकसंख्येतील किती कुटुंबांचे प्रतिनिधी मानायचे), हा प्रश्न लेखात येतच नाही.