सेल काढण्याआधी एक फोन करायचा होता

"सर, एकदम नवा करून दिलाय बघा." पुण्यातला दुरुस्तीवाला माझ्या रोलँड एक्सपी-50 कीबोर्डचं झाकण फडक्यानं पुसत असं म्हणाला, तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. बटणं अडकत होती, मधल्या सप्तकातल्या तीन पट्ट्या कितीही हळू दाबल्या तरी ठणकन वाजत होत्या, म्हणून चिपळूणहून एसटीच्या डिकीत घालून तो तिथवर नेला होता. 17 दिवस त्यांच्याकडे होता. दुकानात चालू केला, पट्ट्या वाजवून पाहिल्या, झकास. पैसे चुकते केले आणि आलो. रात्री जेवण झाल्यावर स्टँडवर चढवला, परफॉर्मन्स मोडमध्ये, म्हणजे अनेक आवाज एकत्र जुळवून साठवतात तिथं, जाऊन यूजर 01 दाबलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

माझं एकही नाव तिथं नव्हतं. 'आरती लेअर' नाही, 'लावणी स्प्लिट' नाही, 'भैरव पेटी' नाही. 32 च्या 32 जागांवर कंपनीनं कारखान्यातून पाठवलेली नावं. पॅच म्हणजे एकेक सुटा आवाज, त्यांच्या 128 जागा बघितल्या, तिथंही तेच. मी दोनदा बंद करून चालू केला. वेड्यासारखा पुढं-मागं बटणं दाबत बसलो. शेवटी बायको म्हणाली, अहो, झोपा आता, सकाळी बघा.

सकाळी फोन केला. "आतला सेल डाउन होता ना सर. तुम्ही सांगितलं नव्हतं, पण आम्हीच बदलून दिला, त्याचे पैसे नाही लावले. मग स्क्रीनवर काहीच्या काही अक्षरं यायला लागली, म्हणून फॅक्टरी रीसेट मारला." आणि वर, "काही प्रॉब्लेम आहे का?"

प्रॉब्लेम? 25 वर्षं गेली माझी, 25 वर्षं!

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक्सपी-50 हा 1995 चा वर्कस्टेशन. आवाज, सिक्वेन्सर (गाणं नोंदवून परत वाजवणारा भाग), इफेक्ट, फ्लॉपी ड्राइव्ह, सगळं एकाच खोक्यात. तुम्ही बनवलेले पॅच आणि परफॉर्मन्स ज्या मेमरीत राहतात ती एका सीआर-2032 सेलवर जिवंत असते. कॅल्क्युलेटरमध्ये असतो तसला, नाण्याएवढा, 3 व्होल्टचा. कीबोर्ड बंद असताना तो सेल त्या मेमरीला धरून ठेवतो. सेल काढला की धरणारा हात सुटला. म्हणून सेल बदलण्याआधी यूजर मेमरी फ्लॉपीवर सेव्ह करायची, नाहीतर मिडीच्या तारेतून सगळी एकदम (बल्क डंप) कॉम्प्युटरवर घ्यायची. दहा मिनिटांचंही काम नाही. हे ज्याला माहीत नाही त्यानं वर्कस्टेशनचे स्क्रू उघडूच नयेत. आणि माहीत असूनही केलं नसेल तर त्याला काय म्हणायचं ते मी इथं लिहीत नाही.

मी बटणं आणि पट्ट्या सांगितल्या होत्या. पट्टीखाली रबर असतं, त्यात दोन काँटॅक्ट. पहिला लागला आणि दुसरा लागला यात किती वेळ गेला त्यावरून मशीन ठरवतं की तुम्ही हळू दाबलं की जोरात. धूळ बसली की तो हिशोब चुकतो. काँटॅक्ट साफ करायचे, कामातून गेलं असेल तर रबर बदलायचं. एवढंच काम होतं, आणि ते त्यानं नीट केलं, नाही म्हणत नाही. मग बाकीच्याला हात का लावला? कोणी सांगितलं होतं? सेल डाउन दिसला तर फोन करायचा. माझा नंबर पावतीवर होता, ठळक.

लोक म्हणतात, अरे पॅचच ना, परत बनव. त्यांना एकच सांगतो, सनईचं.

या कीबोर्डच्या प्रीसेट डी मध्ये जीएमचा, म्हणजे सगळ्या कंपन्यांनी ठरवलेल्या ठरावीक आवाजांचा, संच आहे, त्यात 112 नंबरवर शहनाई. कंपनीची शहनाई ऐकलीत तर कळेल, लग्नात वाजवली तर वऱ्हाडी मान वर करून बघतील. 2003 साली आमचे ढोलकीवाले काका आणि मी तीन रात्री त्यावर बसलो. काकांना कीबोर्डमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कान असा की सांगायची सोय नाही. ते शेजारी पाटावर बसायचे आणि म्हणायचे, "ही घशात बोलतेय रे. सनई नाकात बोलते." मी फिल्टर सरकवायचो, रेझोनन्स चढवायचो. "आता चिरकते." परत खाली. सुराला लागताना जी किंचित खालून वर येते सनई, ती पिच एन्व्हलपमध्ये बसवायला एक अख्खी रात्र गेली. बेंडची, म्हणजे सूर ओढायच्या दांडीची, रेंज दोन सुरांवर आणली, आफ्टरटचला, म्हणजे दाबलेल्या पट्टीवर आणखी जोर दिला की, थोडा कंप दिला. तिसऱ्या रात्री काका बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "हां. आता मुंडावळ्या बांधा." तो पॅच यूजर 041. काका 2016 ला गेले. त्या पॅचवर मी किती लग्नं वाजवली त्याला गणती नाही.

आता त्या 041 वर कंपनीचा कसलातरी आवाज आहे. आकडे होते नुसते, मान्य आहे. मूळ लहरी रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत, आहेत, त्या कुठं जात नाहीत. पण ते आकडे काकांच्या कानातून आले होते. ते कान मी कुठून आणू?

बॅकअप नव्हता का, हा पुढचा प्रश्न सगळ्यांचा. होता ना! फ्लॉपीवर होता. दोन फ्लॉप्या, दोन वेगळ्या डब्यांत, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. कोकणातला पाऊस ज्यानं काढलाय त्याला माहीत आहे, जुलैत चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, कॅमेऱ्याच्या भिंगाला येते. फ्लॉपीच्या चकतीवर येते तेव्हा दिसत नाही, पत्र्याचं शटर सरकवून उजेडात धरलं की करडे ठिपके दिसतात. एक फ्लॉपी मशीननं अजिबात वाचली नाही. दुसरी वाचली, ती 2001 ची निघाली, सनईच्या आधीची. मधल्या काळात तिसरी का केली नाहीस म्हणाल, तर चांगली फ्लॉपी मिळत होती कुठं? सोनीनं 2011 मध्ये जपानात फ्लॉपी विकणं थांबवलं. त्यानंतर बाजारात जे मिळालं ते जुनं पडून राहिलेलं किंवा पुसून परत पाकिटात घातलेलं. दहाचं पाकीट घेतलं की चार फॉरमॅटच होत नव्हत्या.

आणि फ्लॉपीशिवाय या मशीनचं पान हलत नाही, कारण सिक्वेन्सरची मेमरी तर सेलवरसुद्धा नाही. वीज गेली की गाणं गेलं. एका गावातल्या गणपती मंडळाच्या कार्यक्रमात, सुपारी चांगली होती, स्टेज भरलेलं, ढोलकीचे लूप आरपीएसवर लावलेले, म्हणजे एक पट्टी दाबली की एक लूप. लाइट गेले. जनरेटर अर्ध्या मिनिटात चालू झाला, पण अर्धा सेकंद गेला काय आणि अर्धा तास गेला काय, मेमरीला सारखंच. निवेदक बिचारा तेच तेच विनोद सांगत वेळ काढतोय, समोर पोरं शिट्ट्या मारतायत आणि मी त्या दोन ओळींच्या स्क्रीनवर 'लोडिंग' बघतोय. त्या दिवसापासून कीबोर्डला वेगळा यूपीएस. मंडळाचा माणूस म्हणतो, एवढ्याशा पेटीला कशाला बॅटरी? सांगून थकलो.

मग सुरू होते ती दुसरी जात. "अजून हेच खोकं वाजवतोस? भंगारात दे, नवा घे, त्यात इंडियन टोन रेडीमेड येतात." हे म्हणणाऱ्यांत निम्मे असे आहेत की ज्यांनी आयुष्यात एक पॅच स्वतः बनवलेला नाही. माझ्याकडे आतल्या चार एक्सपान्शन स्लॉटपैकी, म्हणजे जादा आवाजांचे बोर्ड बसवायच्या जागांपैकी, दोन भरलेले आहेत. एसआर-जेव्ही80 मालिकेतला 05 नंबरचा 'वर्ल्ड' आणि 14 नंबरचा 'एशिया'. सतार, तबला, बासरी, सगळं आहे, आणि हवा तो बोर्ड बदलता येतो. तरी म्हणे जुना आवाज! जुना आवाज तुझ्या हातात आहे, मशीनमध्ये नाही.

खरं सांगतो, सगळ्यात जास्त चीड मला वाजवणाऱ्यांचीच येते. 64 आवाजांची पॉलिफनी आहे, म्हणजे एकाच वेळी 64 आवाज निघतात, पण एका पॅचमध्ये चार टोन असतात आणि चारही चालू असले तर एका पट्टीला चार आवाज खर्च होतात. 64 भागिले 4, उरले 16. पेडल दाबून स्ट्रिंग्ज वाजवल्या, वर पियानो लेअर केला, की सूर तुटणारच. मग म्हणायचं, मशीन म्हातारं झालं. अरे, स्ट्रिंग्जमधले दोन टोन बंद कर! ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही आणि तुझे सूर तुटणार नाहीत. दुसरं रडगाणं, "पॅच मोडमध्ये गोड वाजतो, परफॉर्मन्समध्ये कोरडा." वाजणारच कोरडा. परफॉर्मन्समध्ये 16 पार्टना, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या 16 वाद्यांना, मिळून मुख्य इफेक्ट एकच आहे. तो कुणाला द्यायचा ते तू ठरवायचं. ऑर्गनला रोटरी (फिरत्या स्पीकरचा इफेक्ट) पाहिजे तर गिटारचा डिस्टॉर्शन सोडावा लागेल, बाकीच्यांचं रिव्हर्ब आणि कोरसवर भागवायचं. हे सगळं मॅन्युअलमध्ये आहे.

स्केल ट्यून तर या मंडळींनी उघडूनच बघितलेलं नसतं. बाराही सुरांना वेगवेगळं, सेंटच्या (दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या शंभराव्या भागाच्या) हिशोबात वर-खाली करता येतं. भैरवातला कोमल रिषभ जरासा खाली आणा, शुद्ध गंधार थोडा उतरवा, आणि मग पेटीचा पॅच तानपुऱ्याबरोबर लावून बघा. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या बुवांनी एकदा मला विचारलं होतं, "ही पेटी कुणी लावली?" त्यासाठी जपून ठेवलेला 'भैरव पेटी' परफॉर्मन्स. तोही गेला, परवाच्या त्या फुकटच्या सेलपायी.

सेकंडहँड घेणाऱ्यांची लूट तर वेगळीच. माझ्या एका विद्यार्थ्यानं फोटो बघून एक्सपी-50 घेतला. "चारही बोर्डांसकट, कंडिशन टॉप." घरी आणून खालचं झाकण काढलं तर चारही स्लॉट रिकामे. बोर्ड वेगळे विकून टाकले होते, आणि विचारलं तर म्हणे, मला असाच मिळाला. दुसऱ्यानं आणला तो जपानातून आलेला 100 व्होल्टवाला. मागची पट्टी कोणी वाचून दाखवली नाही, सरळ 230 मध्ये खुपसला. धूर निघाला. पोरानं वर्षभर शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते ते. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. त्या पोराचा चेहरा आठवला की अजून रक्त उसळतं.

आणि हे दुरुस्तीवाले. जे हाडाचे होते, सोल्डरिंग गन हातात घेऊन सर्किट वाचणारे, ते एकेक करून गेले किंवा त्यांचे डोळे गेले. आता काउंटरवर बसलेल्याला पहिलं वाक्य येतं, "बोर्ड गेलाय, पार्ट मिळत नाही." न उघडता! बटणाखालचे स्विच काही रुपयांना मिळतात, रबराच्या पट्ट्या बाहेरून मागवता येतात, फ्लॉपीच्या जागी यूएसबीवाला एम्युलेटर बसतो आणि एका पेनड्राइव्हवर 100 फ्लॉप्या मावतात. सगळं मिळतं. मिळत नाही तो फक्त समोरच्याचं ऐकून घेणारा माणूस.

मी त्या दुकानात परत गेलो होतो. भांडायला म्हणूनच गेलो होतो. तो म्हणाला, "सर, नुकसान झालं तर झालं, सॉफ्टवेअरची गॅरंटी आम्ही देत नाही, पावतीवर लिहिलंय." सॉफ्टवेअर! मी त्याला सनईचं सांगायला तोंड उघडलं आणि त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाची पावती फाडायला घेतली. तिथं उभं राहून मला रडायला आलं, राग एवढा होता.

आता एम्युलेटर मी स्वतः बसवलाय. यूजर मेमरीचा डंप कॉम्प्युटरवर, पेनड्राइव्हवर आणि मुलीच्या लॅपटॉपवर आहे. 32 पैकी 9 परफॉर्मन्स परत उभे केलेत, जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेटी ऐकून ऐकून. झाकणाच्या आत, सेलच्या शेजारी, लाल मार्करनं लिहून ठेवलंय: सेल काढण्याआधी मालकाला फोन करा. खाली नंबर.

041 वर रोज रात्री बसतो. काल फिल्टर बराच जमला, पण खालून वर येणं अजून बरोबर नाही. अजून घशातच बोलतेय.