शून्य दिवसांचे कारण

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्लास्टिक चटईच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षे हिशेबनीस होतो. प्रत्येक महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर भरणे हे माझ्याकडचे एक काम होते. कामगाराचे हजर दिवस, त्याचा पगार, त्याची वर्गणी असे रकाने भरत जायचे. ज्याचे दिवस शून्य असतील त्याच्यापुढे कारण निवडावे लागते आणि त्यासाठी तयार यादी दिलेली असते: रजेवर, संप किंवा टाळेबंदी, कामगारकपात, काम नाही, नोकरी सोडली, वगैरे. एका वर्षी दिवाळीनंतर मागणी बसली, यंत्रे थांबली आणि चौदा माणसांना घरी पाठवण्यात आले. त्या महिन्यात मी चौदाही नावांपुढे ‘नोकरी सोडली’ हे कारण निवडले. तसे करायला मला वरून सांगण्यात आले होते हे खरे, परंतु एका साध्या निवडीने कोणाचे काय जाते, याची मी त्या वेळी चौकशीही केली नाही. ती चौकशी मी नोकरीतून मोकळा झाल्यावर केली, म्हणून हे लिहितो आहे.

आपल्याकडे कामगाराला ‘तुला काढले’ असे सहसा कोणी सांगत नाही. ठेकेदार म्हणतो, ‘भाऊ, आठ दिवस थांब, मी फोन करतो.’ त्या आठ दिवसांचे पंधरा होतात, पंधरांचा महिना होतो. माणूस आशेवर राहतो, दुसरीकडे काम शोधत नाही, कित्येकदा घरीसुद्धा सांगत नाही आणि डबा घेऊन नेहमीच्या वेळी बाहेर पडतो. कागदावर मात्र यातले काहीच घडलेले नसते. नोटीस नाही, पत्र नाही, तारीख नाही. कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा, ही तरतूद आपल्या कायद्यात फार जुनी आहे, परंतु ती लागू होण्यासाठी आधी कपात झाली असे कोणीतरी लिहावे लागते.

त्या चौदा जणांपैकी एक जण जळगावला लागून असलेल्या कुसुंब्याला राहतो. पगार १४ हजार, घरी बायको, दोन मुले आणि आई, खोलीचे भाडे तीन हजार. त्याच्या घरात पहिल्या महिन्यात काय काय झाले, ते त्याच्या बायकोने मला नंतर ओळीने सांगितले. पहिल्या आठवड्यात काहीच झाले नाही, कारण किराणा दुकानदार ओळखीचा होता आणि वही चालू होती. दुसऱ्या आठवड्यात महिला गटाच्या कर्जाचा हप्ता आला. हे कर्ज गटाच्या हमीवर मिळते. एकीचा हप्ता राहिला की बाकीच्या बायका उठून जात नाहीत, ओट्यावर बसून राहतात. शेवटी शेजारणीने तिचा हप्ता भरला आणि त्या दिवसापासून दोघींचे बोलणे तुटले. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम असा आहे की, अशा कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत. नियम चांगला आहे, परंतु तो कर्ज देतेवेळचे उत्पन्न मोजतो. उत्पन्नच शून्य झाले, तर शून्याचे निम्मे किती, हे कर्जवसुलीला येणाऱ्या पोराला कोणी शिकवलेले नसते. तिसऱ्या आठवड्यात तिने गळ्यातली पोत सोडून दिली आणि तो ती घेऊन सोनेतारण करायला गेला. आपण जळगावकर शहराच्या सराफ बाजाराचा अभिमान बाळगतो. कामगाराच्या घरात सोन्याचा मुख्य उपयोग हा आहे. चौथ्या आठवड्यात गॅसची टाकी संपली, तेव्हा आईने अंगणात चूल मांडली, गावाकडून पऱ्हाट्या आणल्या आणि नवरा-बायको दोघेही मुलांना आईकडे ठेवून कापूस वेचायला जाऊ लागले.

ज्या योजनेतून त्याला मदत मिळू शकत होती, तिचा नियम असा होता की, नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी दावा करता येईल.

ही योजना कर्मचारी राज्य विमा महामंडळाचीच, नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ पासून आहे. सुरुवातीला तिच्यात सरासरी रोजच्या मजुरीच्या २५ टक्के रक्कम मिळत असे. करोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ती ५० टक्के करण्यात आली. जास्तीत जास्त ९० दिवस आणि तेही सबंध आयुष्यात मिळून तेवढेच. किमान दोन वर्षे विमा असावा आणि ठरलेल्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी, अशा अटी आहेत. १४ हजारांच्या माणसाला तीन महिन्यांचे मिळून सुमारे २१ हजार रुपये होतात. याच महामंडळाची दुसरी योजना, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची आहे आणि ती याहून पुष्कळ उदार आहे: कारखाना बंद पडल्यास, कपात झाल्यास किंवा कायमचे अपंगत्व आल्यास २४ महिन्यांपर्यंत भत्ता, पहिले वर्ष मजुरीच्या निम्मा आणि दुसरे वर्ष पाव. तिथे पुन्हा तोच शब्द येतो, कपात. माझ्या यादीत तो शब्द ‘नोकरी सोडली’पासून दोन बोटांवर होता.

त्या माणसाने दावा केला, तो योजना सुरू असल्याचे कोणीतरी मोबाइलवर पाठवले म्हणून. माझ्याकडून त्याला कळले नाही. दाव्यात ‘काम बंद झाल्याने बेरोजगार’ असे होते आणि आमच्या विवरणात ‘नोकरी सोडली’ असे होते. त्या विसंगतीच्या चौकशीत त्याचे पैसे जून महिन्यापर्यंत अडकले. भविष्य निर्वाह निधीचेही असेच. तिथला पैसा तर कामगाराचा स्वतःचाच आहे. २०१८ च्या दुरुस्तीने एक महिना बेरोजगार राहिलेल्याला त्यातले ७५ टक्के काढण्याची सोय झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने हे ७५ टक्के लगेच, तर उरलेले बारा महिन्यांनी, असे ठरवले. परंतु आधार कार्डावरचे नाव आणि निधीच्या खात्यावरचे नाव यांत एका वेलांटीचा फरक असला की ‘लगेच’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

सरकारी मदतीच्या इतर दारांवर तो गेला नाही असे नाही. त्याच्याकडे केशरी शिधापत्रिका आहे, पण धान्य मिळत नाही; कारण अन्नसुरक्षेच्या प्राधान्य गटासाठी आपल्या राज्यात शहरी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. खेड्यात ती ४४ हजार आहे. काम असताना तो या मर्यादेच्या बराच वर होता. काम गेल्यावर तो खाली आला, परंतु दाखला मागच्या वर्षाच्या उत्पन्नाचा निघतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस मरण पावला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये एकरकमी मिळतात. ती तरतूद योग्यच आहे. फक्त माणूस जिवंत असून कमाई मेली, तर काय करायचे, हे विचारण्यासाठी एकही खिडकी नाही.

इथे मला व्यवसाय कर आठवतो. महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक पगार घेणाऱ्या पुरुषाच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, वर्षाला एकूण २,५०० रुपये, हा कर कापला जातो. (स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत तो माफ आहे.) १९७५ साली हा कर बसवताना त्यामागे रोजगार हमीसाठी पैसा उभा करण्याचा विचार होता. १९७२ च्या दुष्काळात रस्ते आणि पाझर तलाव खोदणाऱ्या हातांनी जी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुरासाठी वाटा उचलायचा, ही त्यातली कल्पना खरोखर थोर होती. माझे वडील त्या दुष्काळात खडी फोडत होते, त्यामुळे या करावर मी कधी कुरकुर केलेली नाही. परंतु कुसुंब्याच्या त्या माणसाने आठ वर्षांत २० हजार रुपये दुसऱ्याच्या रोजगाराच्या हमीसाठी बसवलेल्या करात भरले आणि स्वतःचा रोजगार गेला, तेव्हा शहरात राहतो म्हणून त्याला मागण्यासारखी कोणतीही हमी नव्हती. केरळमध्ये अय्यनकाली यांच्या नावाने शहरी रोजगार हमी बरीच वर्षे आहे. राजस्थानने सप्टेंबर २०२२ मध्ये १०० दिवसांची शहरी योजना सुरू केली. रोजगार हमीची कल्पना देशाला देणाऱ्या राज्याने आपल्या शहरांसाठी एवढे करायला हरकत नव्हती.

माझे म्हणणे मात्र याहून लहान आहे. कामगाराचे दिवस शून्य झाले, हे व्यवस्थेला त्याच्या घरच्यांच्याही आधी कळते, कारण ते आम्हीच तिला दर महिन्याला कळवतो. दोन वर्षे नियमित वर्गणी आलेल्या माणसाचे दिवस अचानक शून्य झाले की, त्याच्या मोबाइलवर मराठीत निरोप जावा: तुमच्या मालकाने तुमच्याबद्दल हे कारण दिले आहे, ते खरे आहे काय? नाही म्हणाला तर त्याचे म्हणणे दाव्यात धरावे आणि ९० दिवसांपैकी पहिल्या पंधरा दिवसांची रक्कम आगाऊ, पंधरा दिवसांच्या आत, त्याच्या खात्यात टाकावी. आठ दिवसांत काम मिळाले तर ती त्याच्या उरलेल्या हक्कातून वजा करावी. पंधरा दिवसांचे साडेतीन हजार रुपये ही काही मोठी रक्कम नाही. पण तेवढ्यात भाडे निघते, किंवा गटाचा हप्ता आणि थोडा किराणा निघतो, आणि पोत आणखी महिनाभर गळ्यात राहते.

यात लबाडी होईल असे माझ्या जुन्या कचेरीतले सहकारी म्हणतात आणि त्यांचा अनुभव मी नाकारत नाही. मालक आणि कामगार संगनमत करू शकतात. परंतु आयुष्याला ९० दिवसांची मर्यादा असताना ही लबाडी किती मोठी होणार? १४ हजारांच्या पगारावर कामगाराचे १०५ आणि मालकाचे ४५५ मिळून दरमहा ५६० रुपये विम्याकडे जातात. सहा वर्षांचे ४० हजारांवर होतात. त्यातून दवाखान्याचा आणि आजारपणाचा खर्चही भागवायचा असतो हे मान्य, तरीही आज होणारी खरी लबाडी उलट दिशेची आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे.

जे विम्यातच नाहीत, त्यांची गोष्ट निराळी आणि अधिक बिकट आहे: डाळ मिलमधले हमाल, दुकानांतली मुले, दहाच्या आतल्या कामगारांचे छोटे कारखाने. धुळे-नंदुरबारकडची जी माणसे सुरतच्या कापड कारखान्यांत राबतात, ती तिथले काम बसले की भुसावळकडे येणाऱ्या गाडीने बोचकी घेऊन परत येतात आणि त्यांची तर कोणत्याच राज्याच्या यादीत नोंद होत नाही. त्यांच्यासाठी निधी तालुक्याच्या पातळीवर आणि व्यवसाय करातूनच उभा करावा लागेल असे मला वाटते, पण त्याबद्दल कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन.

कुसुंब्याच्या माणसाचे पैसे जूनमध्ये आले, तोवर तो ठेकेदारामार्फत आमच्याच कारखान्यात परत लागला होता. आलेल्या रकमेतून शेजारणीचा हप्ता आणि दुकानदाराची वही भागली. पोत अजून तारणातच आहे. चौदांपैकी नऊ जणांना मी आतापर्यंत शोधून काढले. पाच जणांचे क्रमांक बंद आहेत. त्यांच्यापैकी कोणी, किंवा त्यांच्या ओळखीचे कोणी, हे वाचत असेल तर त्यांनी मला इथेच निरोप द्यावा. त्या महिन्याच्या विवरणाची प्रत माझ्याकडे आहे आणि ते कारण मी निवडले होते, कामगारांनी नोकरी सोडली नव्हती, असे सही करून लिहून देण्याची माझी तयारी आहे.