बारा गोल फळं

31 डिसेंबरला मनिलात द्राक्षांचा भाव विचारू नये. विचारलाच, तर फळवाली आधी आपल्याला नखशिखांत न्याहाळते आणि मग असा काही आकडा सांगते की आपण द्राक्षं विचारली की बाग, याचीच शंका यावी. पण न घेऊन सांगता कुणाला? अख्खं शहर त्या दिवशी गोल फळं गोळा करायला बाहेर पडलेलं असतं. गोल म्हणजे नाणं, नाणं म्हणजे पैसा आणि महिने बारा. म्हणून मध्यरात्री टेबलावर बारा जातींची गोल फळं हवीत म्हणजे हवीत. काही घरांत तेरा लागतात. फिलिपिन्समध्ये नोकरदारांना कायद्यानं तेराव्या महिन्याचा पगार मिळतो, तोही 24 डिसेंबरच्या आत, तेव्हा तेरावं फळ त्याच्याच नावाचं असावं. निदान तो पगार जातो कुठे, हे तरी मला बालिंतावाकच्या बाजारात कळलं.

आम्ही क्वेझॉन सिटीत एका आजींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. घरदार त्यांना लोला, म्हणजे आजी, म्हणतं, म्हणून आम्हीही म्हणतो. फळांचं वाटप लोलांनी नाताळातच केलं होतं. कलिंगड आणि खरबूज थोरल्या लेकीकडे, सफरचंद आणि पेअर धाकटीकडे, पपनस नातवाकडे. सोपी फळं अशी घरच्यांत संपली आणि ‘उरलेली बघून आण’ हे खातं भाडेकरूकडे आलं. पोन्कान संत्री मिळाली, पेरू मिळाले आणि एका पाटीत चक्क चिकू दिसले. डहाणू-घोलवडच्या माणसाला परदेशात चिकू दिसला की काय होतं, ते इतरांना कळायचं नाही. खरं तर चिकू मूळचा मेक्सिकोकडचा. स्पॅनिश गलबतं अकापुल्कोहून मनिलाला ये-जा करायची, तेव्हा तो इथे उतरला. पण ऊर भरून यायला इतिहास लागत नाही. घेतले किलोभर.

लोलांनी चष्मा लावला, एक चिकू उचलला आणि टेबलावरून सोडला. तो सरळ जायचं सोडून कडेला वळला आणि खाली पडला.

“इहो, बाळा, हा लांबट आहे. असा पैसा येतो, पण वाकडा जातो.”

मी म्हटलं, “लोला, अननस तर ठेवलाय तुम्ही! तो कुठे गोल आहे?”

“त्याला डोळे आहेत. डोळे गोल आहेत.”

यावर अपील नव्हतं. चिकूतले त्यातल्या त्यात गरगरीत दोन निवडले गेले आणि उरलेले मी जिन्यातच खाल्ले.

कपड्यांवरही गोल हवेत. बायकोनं बांधणीची ओढणी काढली. त्यावर ठिपके किती, ते मोजायला लोलांच्या दोन नाती बसल्या आणि तिची त्या घरातली पत एका रात्रीत वाढली. माझ्या कपाटात सगळ्या चौकडीच्या चौकडी. शेवटी धाकट्या टितानं, म्हणजे मावशीनं, आपला पांढऱ्या ठिपक्यांचा लाल ब्लाऊज मला चढवला. त्याचं वरचं बटण लागलं, खालची लागली नाहीत. त्याच अवतारात मी दार उघडलं, तर समोर लोलांची बहीण. ती दचकली आणि म्हणाली, “हप्ता भरलाय हो आम्ही!” इथे गल्लोगल्ली मोटरसायकलवरून फिरून व्याजानं पैसे देणारे भारतीय आहेत, बहुतेक पंजाबकडचे. पाच घ्या, सहा फेडा, असा रोखठोक धंदा. त्यांना सरसकट ‘बुंबाय’ म्हणतात आणि रडणाऱ्या पोरांना त्यांचीच भीती घालतात. खरोखर मुंबईकडून आलेला माणूस त्या बाईंनी पहिल्यांदाच पाहिला, तोही ब्लाऊजमध्ये.

आता जेवण. ‘मेदिया नोचे’ म्हणजे मध्यरात्रीची पंगत. ती बारानंतरच बसते, त्यामुळे आठ वाजल्यापासून हॅमच्या वासात नुसतं बसून राहायचं. शेजारी कॅराओके चालू असतो. मला आशा माशांची होती. सात हजारांवर बेटं असलेला देश, आपण किनाऱ्यावरचे, जमेल म्हटलं. तर मासे नाहीत आणि कोंबडीही नाही. कोंबडी माती उकरते तेव्हा कुठे तिला दाणा मिळतो, म्हणजे हातावर पोट. पहिल्याच घासाला तिचा गुण लागला तर वर्षभर तेच! मासा का नाही, यावर घरात तीन मतं निघाली आणि तिन्ही निकालात मासा बादच. डुकराचं मांस मी खात नाही. उरलं काय? लाल मेणातलं गोल चीज, आपल्या नारळीभाताचा चिकट मावसभाऊ शोभेल असा बिको, जो खाल्ला की नशीब घराला चिकटून राहतं, आणि पान्सित. पान्सितच्या शेवया तोडायच्या नाहीत, तोडल्या तर आयुष्य तुटतं. मी एक टोक तोंडात धरून ओढत राहिलो, दुसरं टोक काही येईना. ते आलं तेव्हा त्याला हॅमचा तुकडा लटकलेला होता.

पण हे नंतरचं. साडेअकराला लोला वर तपासणीला आल्या. तांदळाचा डबा काठोकाठ हवा, मीठ हवं, पाण्याचे पिंप भरलेले हवेत, सगळे दिवे चालू, दारं-खिडक्या सताड उघडी, टेबलाचे खणसुद्धा बाहेर ओढलेले. दाराशी खटका दाबून तांदूळ सोडायचं प्लॅस्टिकचं उभं यंत्र असतं ना, त्याच्या काचेत आमचा तांदूळ तळाशी दिसत होता. रात्रीचे पावणेबारा आणि मी पाच किलोची पिशवी घेऊन पळतोय. नंतर खिसे. त्यात नाणी हवीत, खुळखुळणारी. मी पाच पेसोची नवी नाणी भरली होती. लोलांनी एक उजेडात धरलं आणि परत दिलं. 2019 पासून पाच पेसोचं नाणं नऊ कोनांचं निघतं. देशाच्या मध्यवर्ती बँकेनं लोलांना विचारलं नव्हतं.

बारा वाजले. पोरं उंच व्हायला उड्या मारू लागली. माझी उंची वाढायचं वय गेलं, पण लोलांनी खूण केली, “मार, काय जातंय तुझं?” जाणार ते माझे गुडघे, हे बोलायला उसंत नव्हती. बाहेर पुंग्या, भांडी, गाड्यांचे भोंगे आणि ‘ज्यूडासचा पट्टा’ नावाची लड. ‘गुडबाय फिलिपिन्स’ नावाचा फटाकाही आहे, त्याच्यावर बंदी आहे. 2017 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी फटाके ठरावीक जागीच उडवायचा हुकूम काढला. दर डिसेंबरात डॉक्टर हात कापायच्या करवती टेबलावर मांडून टीव्हीला दाखवतात. तरी फुटायचं ते फुटतंच. आणि नशीब आत यावं म्हणून सताड उघड्या ठेवलेल्या खिडक्यांतून सगळ्यात आधी धूर आत आला. खोकत खोकत आम्ही एकमेकांना शुभेच्छा दिल्या.

1 जानेवारीला झाडू मारायचा नाही, नशीब बाहेर जातं. पैसे द्यायचे नाहीत, वर्षभर जात राहतात. मी हे नियम मनापासून लक्षात ठेवले होते, कारण भाडं एक तारखेलाच असतं. सकाळी लोला दारात.

“लोला, आज नाही हं. आज खर्च केला तर वर्षभर…”

“बरोबर.” त्यांनी माझा हात धरला, तळव्यावर ते नऊ कोनांचं नाणं ठेवलं आणि बोटं मिटवली. “आता तुझी आवक झाली. पहिला पैसा आलाय. आता भाडं दे.”